घरच्या शाळेचं वर्ष संपवायचं कसं?

एप्रिल आला की सातारा-सांगलीकडच्या शाळांमध्ये सगळं ठरल्यासारखं घडतं. वार्षिक परीक्षा, पेपर तपासायची धांदल, १ मेचं झेंडावंदन, हातात निकालपत्रक आणि लगेच मामाच्या गावाची एसटी. वर्ष संपलं हे मुलाला कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

घरी शिकणाऱ्या मुलाच्या वाट्याला ती शेवटची घंटा येत नाही. फेब्रुवारीत आजी आजारी पडली म्हणून गणित मागे राहतं, मार्चात पाहुणे आले म्हणून विज्ञान, आणि मे उजाडला तरी भूगोलाच्या पुस्तकातली खूण निम्म्यावरच असते. आईला वाटतं, वर्षभर काही झालंच नाही. मुलाला वाटतं, आपली शाळा कधी सुटतच नाही. दोघांचंही म्हणणं बहुतेक वेळा चुकीचं असतं. घरच्या शाळेचं वर्ष आपोआप संपत नाही, ते ठरवून संपवावं लागतं, एवढीच खरी अडचण असते. ठरवून संपवायचं म्हणजे शेवटचं पान उलटायचं असं नव्हे. वर्षभर जे शिकून झालं ते घराबाहेरच्या माणसाला दिसेल आणि तपासता येईल अशा रूपात मांडायचं.

मुलांना घरीच शिकवणारी ख्रिस्ती कुटुंबं आपल्याकडे थोडी. पाळकांच्या घरात दर काही वर्षांनी बदली ठरलेली असते आणि मुलांच्या शाळा तुटत राहतात. काही घरांना सकाळची कौटुंबिक भक्ती, पवित्र शास्त्राचं वाचन आणि अभ्यास एकाच दिनक्रमात हवा असतो. कुठे मूल वर्गाच्या गतीत बसत नाही. कधी पुढे पळतं, कधी मागे राहतं. कारण काहीही असो, मार्चनंतरचे प्रश्न सगळ्यांचे सारखेच. इथे ते एकेक करून घेतले आहेत.

घरी शिकलेल्यांची जुनी वाट

घरी शिकणं ही अमेरिकेतून आलेली नवी टूम आहे, असं नातेवाइकांपैकी कुणीतरी म्हणतंच. त्यांना सातारा जिल्ह्यातलंच उदाहरण द्यावं. खंडाळा तालुक्यातल्या नायगावात ३ जानेवारी १८३१ रोजी जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांनी अक्षरं गिरवली ती लग्नानंतर, घरी, जोतीरावांकडून. पण गोष्ट घरापाशी थांबली नाही. पुढे अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या वर्गात त्यांनी अध्यापनाचं शिक्षण घेतलं. घरी घेतलेलं शिक्षण बाहेरच्या शिक्षकांच्या नजरेखालून गेलं, आणि मग त्या स्वतः शिकवायला उभ्या राहिल्या.

पंडिता रमाबाईंचंही तसंच. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आधी पत्नीला संस्कृत शिकवलं आणि त्या आईनेच मुलीला शिकवलं. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्यात पंडितांच्या सभेपुढे उभ्या राहिल्या, तोंडी परीक्षेला सामोऱ्या गेल्या आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळवून बाहेर पडल्या. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो त्यानंतर, १८८३ मध्ये. लक्ष्मीबाई टिळकांना लिहा-वाचायला शिकवलं ते त्यांच्या पतीने, कवी नारायण वामन टिळकांनी. लक्ष्मीबाईंची परीक्षा कुठल्या मंडळाने घेतली नाही; पण त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ छापून आलं आणि महाराष्ट्राने निकाल दिला.

तिघींच्या बाबतीत शिकणं घरात झालं आणि दाखवणं बाहेर. आजच्या पालकांनी त्यांच्याकडून घ्यायचं ते नेमकं हे दुसरं काम.

कायद्याची बाजू

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. त्याचं कलम १० सांगतं की मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे. हे कर्तव्य न पाळणाऱ्या पालकाला दंड किंवा शिक्षा मात्र कायद्यात लिहिलेली नाही. घरच्या शिक्षणाला त्यात नाव घेऊन मान्यताही नाही आणि नाव घेऊन बंदीही नाही. म्हणून ‘आम्हाला परवानगी आहे’ असं ठामपणे सांगत फिरू नये, आणि लपूनछपूनही राहू नये.

शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण होतं तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी किंवा बाई दारात येतात. ते त्यांचं काम करत असतात. त्यांना बसवावं, चहा द्यावा आणि मुलाच्या कामाची फाइल समोर ठेवावी. गावच्या मुख्याध्यापकांशी आणि केंद्रप्रमुखांशी आधीच ओळख करून ठेवली, तर हा प्रसंग पाच मिनिटांत आटोपतो.

याच कायद्याचं कलम ४ पालकांना पाठ हवं. शाळेत न गेलेल्या किंवा शाळा मध्येच सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, असं ते सांगतं. म्हणजे घरचा प्रयोग थांबवावा लागला तर परतीचा रस्ता मोकळा आहे. त्यात एक वळण २०२३ मध्ये आलं. महाराष्ट्राने पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आणली आणि सहावी ते आठवीच्या वर्गात वयानुरूप प्रवेश हवा असेल तर पाचवीची ती परीक्षा उत्तीर्ण होण्याची अट घातली. मूल अकरा वर्षांच्या पुढे असेल आणि येत्या जूनमध्ये शाळेत घालायचा विचार असेल, तर वर्ष संपवताना पाचवीचं भाषा, गणित आणि परिसर अभ्यास पक्कं करून घ्यावं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मोजदाद

भिंतीवरचं कालनिर्णय काढून टेबलावर ठेवावं आणि जून ते फेब्रुवारी या महिन्यांतले खरोखर अभ्यास झालेले दिवस मोजावे. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास, असं शिक्षण हक्क कायदा शाळांना सांगतो. घरावर ही मोजपट्टी बंधनकारक नाही, पण ती वापरायला हरकत नाही. २०० दिवसांत ८०० तास म्हणजे दिवसाला चार तास. घरी एकच मूल समोर असतं, हजेरी नसते, चाळीस वह्या तपासायच्या नसतात. त्यामुळे प्राथमिक वयाला टेबलापाशी दोन-अडीच तास पुरतात. बाकीचे तास वाचन, बाग, स्वयंपाक, वाद्य, रविवारची तयारी यांतून भरतात. तेही अभ्यासाचेच तास आहेत, फक्त लिहून ठेवलेले हवेत.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात घरी शिकवणाऱ्या पालकांना कायद्याने १८० दिवसांची किंवा प्राथमिकसाठी ९०० तासांची नोंद ठेवावी लागते, आणि वर्षअखेरीस पात्र व्यक्तीकडून मुलाच्या कामाची तपासणी करून घ्यावी लागते. आपल्याकडे अशी सक्ती नाही. म्हणूनच ती शिस्त आपण होऊन लावून घ्यावी लागते.

समजा, मिरजेतलं एक घर आहे. मुलगी नऊ वर्षांची, चौथीचा अभ्यास करणारी; मुलगा तेरा वर्षांचा, आठवीचा. मोजदाद झाल्यावर दिसतं की १५८ दिवस झाले आहेत आणि २० एप्रिलपर्यंत चाळीसेक दिवस हाताशी आहेत. आता उरलेल्या प्रत्येक धड्यापुढे तीनपैकी एक खूण करायची: ‘संपवायचं’, ‘जूनमध्ये’, ‘सोडलं’.

गणितातलं बहुतेक ‘संपवायचं’मध्ये जातं, कारण तिथे एक पायरी कच्ची राहिली की पुढच्या चार डळमळतात. चौथीतला अपूर्णांक सुटला तर पाचवीतला दशांश अपूर्णांक अडतो. मराठीतले राहिलेले धडे मे महिन्यात गोष्टीसारखे वाचून होतात. त्यावरचे स्वाध्याय सोडले तरी बिघडत नाही. विज्ञानाचा एखादा धडा जूनच्या पहिल्या पावसात जास्त चांगला शिकवता येत असेल तर तो जूनमध्येच शिकवावा. ‘सोडलं’ हा शिक्का मारताना हात थरथरू देऊ नये. शाळेतही शेवटचे दोन धडे पळवलेले असतात, फक्त ते कुणी कबूल करत नाही.

एक सावधगिरी. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात, पण राज्यातला अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने बदलतो आहे. कोणत्या वर्षीच्या आवृत्तीवरून शिकवलं हे नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं. परदेशी ख्रिस्ती प्रकाशनांचे पाठ्यक्रम वापरणाऱ्यांनी तर आणखी जपून राहावं. त्या प्रकाशनाचं प्रमाणपत्र म्हणजे दहावी नव्हे. पुढे इथल्या मंडळाची परीक्षा द्यायची असेल तर विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं इथल्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे, काही न गाळता, शिकवलेली असावी लागतात.

ईस्टर मध्ये येतो तेव्हा

ख्रिस्ती घरात वर्षअखेरीची सगळ्यात मोठी ओढाताण इथे होते. चाळीस दिवसांचा उपवासकाळ, झावळ्यांचा रविवार, पवित्र सप्ताह, शुभ शुक्रवारची क्रुसावरील सात उद्गारांची लांबलचक उपासना आणि ईस्टर पहाटेची प्रार्थना, हे सगळं नेमकं अभ्यास संपवायच्या दिवसांत येतं. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांमध्ये कधीही पडू शकतो. गीतमंडळात बाबा, सजावटीत आई आणि नाटकात मुलं असली की त्या आठवड्यात अभ्यास होणार नाही, हे आधीच मान्य करावं. पवित्र सप्ताहाचे दिवस कॅलेंडरवर अगोदरच खोडून टाकावेत आणि उरलेल्यांचाच हिशेब करावा. पवित्र सप्ताह दारात आला आणि मग लक्षात आलं, असं होऊ नये.

पण हाच सण मोठ्या मुलाचा विज्ञान आणि गणिताचा शेवटचा प्रकल्पही होऊ शकतो. नियम असा: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. मुलाच्या हातात तीन वर्षांची कालनिर्णयं द्यावीत. २०२६ मध्ये हनुमान जयंती, म्हणजे चैत्र पौर्णिमा, २ एप्रिलला. दुसऱ्या दिवशी शुभ शुक्रवार आणि ५ एप्रिलला ईस्टर. गणित चोख जुळतं. मग २०२४ पाहावं. त्या वर्षी ईस्टर ३१ मार्चला होता आणि हनुमान जयंती थेट २३ एप्रिलला. असं का? मूल मागची पानं चाळतं आणि त्याला सापडतं की त्या वर्षी २५ मार्चला धुळवड होती. म्हणजे हिशेबात फाल्गुनाची पौर्णिमा धरली गेली. २०२५ मध्ये आणखी गंमत. पौर्णिमा १२-१३ एप्रिलला, १३ तारीख रविवारचीच, तरी ईस्टर २० एप्रिलला. इथे चर्चची पौर्णिमा जुन्या कोष्टकावरून ठरते आणि ती स्वतःच रविवारी आली तर पुढचा रविवार धरतात, हे समजावून सांगावं. चंद्रमास, सौरवर्ष, अधिक महिना आणि विषुवदिन एवढे सगळे धडे एका तक्त्यात येतात. तो तक्ता मुलाने स्वतः आखून फाइलला लावला की खगोलाचा भाग पूर्ण झाला म्हणायला हरकत नाही.

परीक्षा घ्यावी, पण सांगायला लावून

शार्लट मेसन या इंग्लंडमधल्या ख्रिस्ती शिक्षणविचारक. ‘होम एज्युकेशन’ हे त्यांचं पुस्तक १८८६ चं. त्या पालकांना टपालाने अभ्यासक्रम पाठवत आणि सत्र संपलं की प्रश्नपत्रिकाही. लहान मुलांनी उत्तरं तोंडी सांगायची आणि आईने किंवा घरच्या शिक्षिकेने ती जशीच्या तशी लिहून घ्यायची, अशी त्यांची रीत होती. ‘रिकाम्या जागा भरा’ नाही, ‘जे वाचलंस ते सांग’. मराठी घराला ही रीत परकी वाटायचं कारण नाही. कीर्तन ऐकून आलेली आजी घरी हेच करायची.

चौथीच्या मुलीसाठी चार दिवसांची परीक्षा पुरते. रोज दोन विषय, प्रत्येकी अर्धा-पाऊण तास. प्रश्न असे असावेत की पाठांतराने भागणार नाही. ‘अफजलखानाच्या भेटीआधी प्रतापगडावर काय काय तयारी झाली असेल ते सांग’, हा प्रश्न शिवछत्रपतींवरचं चौथीचं पुस्तक वाचलेल्या आणि गड पाहिलेल्या मुलीला बोलतं करतो. साताऱ्याहून किंवा वाईहून प्रतापगड एका दिवसात होतो. मार्चमध्ये जाऊन यावं, मेच्या सुट्टीत महाबळेश्वरच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागतात.

गणिताचा प्रश्न तिच्याच वहीतून काढावा. सांगलीकडच्या घरांनी पावसाळ्यात एक वही जरूर सुरू करावी: कृष्णेची पातळी. जुलै-ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी रोज वर्तमानपत्रात येते. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. वहीत तीन रकाने पाडायचे: तारीख, पातळी फूट-इंचात, कालच्यापेक्षा किती वाढ वा घट. मुलीला लगेच कळतं की २९ फूट ३ इंचांतून २७ फूट ८ इंच वजा करताना हातचा दहाचा नाही, बाराचा घ्यावा लागतो. १ फूट ७ इंच हे उत्तर तिने स्वतः काढलं की मापनाचा धडा कायमचा बसतो. २०१९ च्या महापुरात हीच पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. त्या वर्षी पाणी घरात कुठवर आलं होतं हे शेजाऱ्यांना विचारून भिंतीवरची खूण मोजायची. एप्रिलच्या परीक्षेत याच वहीवर आलेख काढायला सांगावा. ज्या आठवड्यात पुरामुळे शाळा बंद होत्या, त्या आठवड्यात या घरात गणित झालेलं असतं.

आठवीच्या मुलाला मात्र लेखी परीक्षाही हवी. दोन वर्षांत त्याला घड्याळ लावून तीन तास लिहायचं आहे आणि घरी शिकणारी मुलं नेमकी इथेच कमी पडतात. येत असतं सगळं, पण दोन तासांत हात दुखतो आणि शेवटचे दोन प्रश्न राहून जातात. गणित, विज्ञान आणि एका भाषेचा पेपर पूर्ण वेळ लावून सोडवून घ्यावा. पेपर तपासायला आई-बाबांनी बसू नये. मंडळीत निवृत्त शिक्षक असतातच. रयत शिक्षण संस्थेतून निवृत्त झालेले एखादे सर शेजारच्या गल्लीत असतात. त्यांना विनंती करावी, लाल पेन त्यांच्या हातात द्यावं आणि शेवटी सही घ्यावी. मुलाने दहा मिनिटं त्यांच्यासमोर उभं राहून वर्षात शिकलेल्या एका गोष्टीबद्दल बोलावं. आईला सांगताना आणि सरांना सांगताना मुलाच्या वाक्यांत केवढा फरक पडतो, ते तेव्हा दिसतं.

फाइलीत काय असावं

वर्षाला एक फाइल, आणि ती एका हातात मावेल एवढीच. सगळ्या वह्या जपून ठेवायच्या नसतात. पहिल्या पानावर मुलाचं नाव, जन्मतारीख, इयत्ता, वर्ष, वापरलेली पुस्तकं. मग महिनावार दिवसांची नोंद. त्यानंतर प्रत्येक विषयाचे तीन नमुने: जूनचा, नोव्हेंबरचा, एप्रिलचा. अक्षर, वाक्यं आणि गणिताची मांडणी कशी बदलली हे या तीन कागदांतून जेवढं दिसतं तेवढं गुणांतून दिसत नाही. वाचलेल्या पुस्तकांची यादी, प्रकल्पांचे दोन-चार फोटो, बाहेरच्या परीक्षकाची सही असलेले पेपर, रविवारच्या शाळेच्या परीक्षेचं प्रमाणपत्र, आणि शेवटी पालकांनी लिहिलेलं एका पानाचं प्रगतिपत्रक. त्यात ‘उत्तम’, ‘समाधानकारक’ असे शिक्के नकोत. ‘तीन अंकी भागाकार स्वतः करतो, शाब्दिक उदाहरण दोनदा वाचावं लागतं’, असं लिहावं. जूनमध्ये सुरुवात कुठून करायची ते याच वाक्यातून ठरतं.

आधार कार्ड, जन्माचा दाखला आणि आधी शाळेत गेलेल्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला या तीन कागदांना वेगळा प्लास्टिकचा कप्पा. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरचं आणि जन्माच्या दाखल्यावरचं नाव एकच आहे का, स्पेलिंग जुळतं का, हेही याच वेळी पाहून घ्यावं. नाव दुरुस्तीचं काम दहावीचा फॉर्म भरायच्या आठवड्यात निघालं की घर डोक्यावर घेतलं जातं.

कोणत्या दारातून बाहेर पडायचं

मूल तेरा-चौदाचं झालं की वर्ष संपवताना हा प्रश्न टाळता येत नाही. मुंबईची मालविका जोशी सातवीनंतर शाळेबाहेर शिकली, आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाडमध्ये तिने दोन रौप्य आणि एक कांस्य पदक मिळवलं आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने तिला प्रवेश दिला. आयआयटीचं दार मात्र बारावीच्या प्रमाणपत्राअभावी बंद होतं. असं पदक दरवर्षी प्रत्येकाच्या घरी येत नाही. बाकीच्यांना प्रमाणपत्र लागतं.

आपल्या भागातल्या मुलांपुढे तीन मार्ग आहेत. पहिला, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. १९८९ मध्ये सुरू झालेली ही केंद्राची संस्था. दहावीसाठी वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात, किमान पाच विषय घ्यावे लागतात, परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि उत्तीर्ण झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. म्हणजे गणित-विज्ञान एका खेपेला आणि बाकीचे विषय पुढच्या खेपेला, असं वर्ष विभागता येतं. लेखी परीक्षेबरोबर टीएमए नावाचे स्वाध्यायही ठरलेल्या मुदतीत द्यायचे असतात. त्यांना २० टक्के गुण आहेत आणि घरून शिकणारे बहुतेक तिथेच घसरतात. संस्थेचं विभागीय केंद्र पुण्यात आहे.

दुसरा मार्ग महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाचा. पाचवी, आठवी आणि दहावीच्या समकक्ष परीक्षा तिथे देता येतात. ज्यांना टप्प्याटप्प्याने अधिकृत कागद हवा आहे त्यांना हा सोयीचा.

तिसरा, सगळ्यांच्या ओळखीचा १७ नंबरचा फॉर्म. राज्य मंडळाची नेहमीची दहावी खाजगी विद्यार्थी म्हणून. सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तिन्ही जिल्हे मंडळाच्या कोल्हापूर विभागात येतात. यात शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. म्हणून कधीकाळी शाळेत गेलेल्या मुलाला हा रस्ता सोपा. कधीच दाखल न झालेल्याला मुक्त विद्यालयाचे मार्ग बरे. घरी शिकण्याचा एक तोटाही ध्यानात ठेवावा: शिष्यवृत्ती परीक्षा, नवोदयची प्रवेश परीक्षा यांचे अर्ज शाळेमार्फत किंवा शाळेच्या दाखल्यासह जातात. त्या हव्या असतील तर त्या वर्षापुरतं मूल शाळेत असणं बरं.

मे महिन्यात काय करावं, काय करू नये

समारोपाचा एक दिवस ठरवावा आणि तो बदलू नये. ईस्टर मार्चच्या अखेरीस असेल तर एप्रिलचा तिसरा शनिवार, ईस्टर एप्रिलमध्ये उशिरा असेल तर ३० एप्रिल. त्या संध्याकाळी आजी-आजोबा, पाळकसाहेब, पेपर तपासणारे सर आणि शेजारची मुलं यांना बोलवावं. भिंतीवर तक्ते, टेबलावर फाइल. मुलीने कृष्णेचा आलेख समजावून सांगावा, मुलाने ईस्टरचं कोष्टक. एखादं उपासनासंगीतातलं गीत पेटीवर वाजवावं. शेवटी उपकारस्तुतीची प्रार्थना आणि शेवया किंवा आइस्क्रीम. एवढं झालं की अभ्यासाची पुस्तकं कपाटात, आणि कपाटाला कुलूप.

मे महिना अभ्यास भरून काढण्यासाठी वापरू नये. चर्चच्या व्हेकेशन बायबल स्कूलमध्ये आठ-दहा दिवस जातात. मोठ्या मुलाने तिथे लहानांचा गट सांभाळावा. पाचगणीजवळचं भिलार ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचं गाव’ म्हणून जाहीर झालं. तिथल्या घराघरांत मांडलेली मराठी पुस्तकं बसून वाचायला पैसे पडत नाहीत. खटाव तालुक्यातल्या औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेलं संग्रहालय आहे. मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत भोपळ्यापासून सतार घडताना पाहता येते. या सतारींना आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

आणखी एक काम सुट्टीतच चांगलं होतं: आपल्या मंडळीचा इतिहास. साताऱ्याकडे अमेरिकन मराठी मिशन होतं, सांगली-मिरजेकडे प्रेस्बिटेरियन मिशन. मिरजेचं मिशन हॉस्पिटल डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलं. ही पुस्तकातली माहिती झाली. मुलांनी विचारायचं ते वेगळं: आजोबा रविवारी किती मैल चालून येत? पेटीच्या आधी कोणतं वाद्य होतं? जुन्या नोंदवहीत पहिलं नाव कुणाचं? पाच वृद्धांची उत्तरं उतरवली की जूनमधल्या इतिहासाच्या वहीचा पहिला भाग तयार असतो.

मेच्या शेवटच्या आठवड्यात पालकांनी दोघांनीच बसून तीन गोष्टी उरकाव्यात. ‘जूनमध्ये’ अशी खूण केलेले धडे नव्या वेळापत्रकात पहिल्या पंधरा दिवसांत घालावेत. मुक्त विद्यालयाची नोंदणी करायची असेल तर संकेतस्थळावर मुदत पाहून ती तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहावी. आणि पुढच्या वर्षी फक्त एप्रिलमध्ये नव्हे, तर दिवाळीच्या आधीही एकदा पेपर तपासून द्याल का, हे सरांना आत्ताच विचारून ठेवावं. गावातल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. घरची शाळाही त्याच सकाळी सुरू करावी.